उतरायला आठ ग्रॅम, चढायला बहात्तर

बावीस कॅरटचं ३६ ग्रॅम सोनं आहे. त्यात तांबं-चांदी मिसळून ते अठरा कॅरटवर आणायचं, तर किती मिसळावं लागेल? ८ ग्रॅम. आता उलट करू. अठरा कॅरटचं ३६ ग्रॅम सोनं शुद्ध सोनं घालून बावीसवर चढवायचं. तेवढंच लागेल, असं वाटतं. फार तर दुप्पट. प्रत्यक्षात लागतं ७२ ग्रॅम! उतरलो त्याच चार पायऱ्या चढायला नऊपट खर्च.

हे कसं होतं? शुद्ध सोनं २४ कॅरटचं. बावीस कॅरट म्हणजे २४ भागांत २२ भाग सोनं आणि २ भाग इतर धातू, म्हणजे ११:१. (हॉलमार्कमधला ९१६ हा आकडा इथलाच. २२ ला २४ नं भागा, हजारात तेवढं येतं.) अठरा कॅरटमध्ये हेच प्रमाण ३:१ होतं. पण गुणोत्तर वजनाबद्दल चकार शब्द काढत नाही. नाजूक नथीतही ११:१ आणि ठसठशीत पाटल्यांतही ११:१. एक वजन कळलं की मात्र सगळं उलगडतं: बारा वाटे मिळून ३६ ग्रॅम, म्हणजे एक वाटा ३ ग्रॅमचा. सोनं ३३, इतर धातू ३.

आता क्ष मांडण्याआधी एकच विचारायचं: यात काय बदलत नाही? वयवारीच्या गणितांत बाप-लेकाच्या वयांतलं अंतर बदलत नाही, तसं इथे तांबं घालताना सोनं ३३ ग्रॅमच राहतं. समजा, क्ष ग्रॅम तांबं घातलं:

३३ / (३ + क्ष) = ३ / १

तिरकस गुणाकार केला की ३३ = ९ + ३क्ष, म्हणून क्ष = ८.

परतीच्या वाटेवर न बदलणारी गोष्टच बदलते, आणि सगळी मेख तिथेच आहे. अठरा कॅरटच्या ३६ ग्रॅममध्ये सोनं २७ आणि इतर धातू ९. शुद्ध सोनं कितीही ओता, हे ९ ग्रॅम हटत नाहीत:

(२७ + क्ष) / ९ = ११ / १

तांब्याचा प्रत्येक ग्रॅम आता अकरा ग्रॅम सोनं मागतो. नवाला नव्व्याण्णव. हाताशी आहेत सत्तावीस, म्हणून क्ष = ७२.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) सुवर्णगणिताचा एक स्वतंत्र भागच आहे. तिथे शुद्ध सोन्याचा कस सोळा ‘वर्ण’ धरला आहे. एका उदाहरणात चार तुकडे आहेत: १३ वर्णांचा १० मासे (मासा हे जुनं वजन), १२ चा ४, ११ चा २ आणि १० चा ४. एकत्र वितळवले तर कस किती? प्रत्येक वजनाला त्याच्या वर्णानं गुणायचं: १३० + ४८ + २२ + ४० = २४०. एकूण वजन २० मासे, म्हणून कस १२ वर्ण. पण आचार्य एवढ्यावर सोडत नाहीत. हेच सोनं शोधून, म्हणजे शुद्ध करून, सोळा वर्णांचं केलं तर किती उरेल, असंही विचारतात. वजन घटतं, कस वाढतो, गुणाकार मात्र २४० च राहतो. २४० भागिले १६, म्हणजे १५ मासे. न बदलणाऱ्या गोष्टीवर बोट ठेवण्याची ही रीत मला तरी आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या ‘समजा क्ष’पेक्षा देखणी वाटते.

हा शोधनाचा प्रश्न उगाच आलेला नाही. आपल्या बावीस कॅरटच्या ३६ ग्रॅममध्ये नुसतं शुद्ध सोनं घालत वर जाऊन पाहा. तेवीस कॅरटला ३६ ग्रॅम लागतं. साडेतेवीसला १०८. तेवीस पूर्णांक नऊ दशांशला ६८४! आणि चोवीसला? तिथे इतर धातू शून्य हवा, पण आपले ३ ग्रॅम तर तसेच बसलेत. जगातलं सगळं सोनं ओतलं तरी समीकरण सुटत नाही. घालून होत नाही, तेव्हा काढावंच लागतं.

काढण्याची एक जुनी रीत नायट्रिक आम्लाची. ते चांदी-तांबं विरघळवतं, सोन्याला हात लावत नाही. पण सोनं फार असलं की आतल्या धातूपर्यंत आम्ल पोहोचतच नाही. म्हणून सोनं शुद्ध करण्यासाठी आधी ते मुद्दाम अशुद्ध करतात: चांदी घालून सोनं चौथ्या हिश्श्यावर आणतात, साधारण १:३. म्हणजे जेमतेम सहा कॅरट. मग आम्लाला आत शिरायला वाट मिळते आणि शेवटी सोनंच मागे राहतं.

आपल्या ३६ ग्रॅमला किती चांदी लागेल? सोनं ३३, तेच राहणार. इतर धातू हवेत त्याच्या तिप्पट:

३ + क्ष = ९९

म्हणजे ३३ ग्रॅम सोनं निखळ करायला मुशीत ९६ ग्रॅम चांदी घालायची.