पहिला वाटा गरोदर बाईचा

भोर-वेल्ह्यात पाऊस धो धो पडतो, तरी मार्च उजाडला की भाजी आठवडी बाजारातूनच आणावी लागते. तपासणीला आलेल्या गरोदर बाईला ‘पालेभाजी खा’ म्हणणे सोपे आहे. ती विचारते, “डॉक्टरसाहेब, रोज कुठनं आणू?” गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. राज्यातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले.

घरामागे मोरीच्या पाण्यावर अळू नि केळ, कुंपणाला घेवडा, कडेला शेवगा, एवढी झाली परसबाग. जागा नसलेल्यांसाठी अंगणवाडीची किंवा बचत गटाची सामाईक बाग. ती टिकते पाळीवर. पाणी कोण घालणार आणि तोडलेली भाजी कोणाकडे जाणार, हे आधी ठरले नाही तर उन्हाळ्यात फक्त कुंपण उरते. पहिला वाटा गरोदर बाईचा ठेवा.

पालेभाजीतले लोह अंगी कमी लागते. वर लिंबू पिळा, जेवणावर लगेच चहा नको. लोहाच्या गोळ्या मात्र १८० दिवस घ्यायच्याच. दारी शेवगा आहे म्हणून मी त्या कोणाच्या बंद करत नाही.