‘विराट’: दोन नौदलांची एक नौका
‘आयएनएस विराट’ ही मूळची ब्रिटिश नौदलाची ‘हर्मीस’. १९५९ साली सेवेत आलेल्या या विमानवाहू नौकेने १९८२च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याचे नेतृत्व केले. भारताने ती विकत घेतली, डागडुजी करून घेतली आणि १२ मे १९८७ रोजी नौदलात दाखल केली. तिच्या डेकचे पुढचे टोक १२ अंशांनी वर उचललेले होते. त्या चढावरून सी हॅरियर विमाने जेमतेम धाव घेऊन हवेत झेपावत. ६ मार्च २०१७ रोजी मुंबईत ती निवृत्त झाली. सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचे संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटींच्या योजनेला महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०१८मध्ये मंजुरी दिली, पण दुर्दैवाने ती कागदावरच राहिली. सप्टेंबर २०२०मध्ये टगबोटींनी ओढत नेलेली ‘विराट’ गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात निघाली.