विज्ञानकथांची गाडी धाराशिवला

धाराशिव जिल्ह्यातले तेर हे गाव आज संत गोरोबाकाकांमुळे ओळखले जाते. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचे नाव तगर होते आणि व्यापारासाठी ते दूरवर माहीत होते. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक ग्रंथात नोंद आहे की, पैठण आणि तगर येथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जात असे. तगरहून मुख्यतः कापड जाई. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या काळच्या वस्तू आजही पाहायला मिळतात. गाडी भरायची, वाट तुडवायची आणि अनोळखी माणसापुढे माल मांडायचा, ही या मातीतली जुनी रीत आहे.

जानेवारी २०२० मध्ये आम्हीही अशीच एक गाडी भरली. आमचा माल मात्र वेगळा होता. तो होता विज्ञानकथांचा.

विज्ञानकथेच्या वाचकांचे मेळावे परदेशात जुने आहेत. पहिले जागतिक संमेलन १९३९ साली न्यूयॉर्कला भरले. तेथे पुस्तके, चित्रे, खेळणी यांची मोठी विक्री होते. मराठी विज्ञानकथेला तसा बाजार नाही. तिला साहित्य संमेलनाच्या मांडवातच जागा शोधावी लागते. त्या वर्षी ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १० ते १२ जानेवारीला उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला होते. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो, उद्घाटक ना. धों. महानोर आणि संमेलननगरीला नाव संत गोरोबाकाकांचे.

आम्ही सोलापूरची दोन घरे मिळून पुस्तके विकतो. जयंत नारळीकर आणि बाळ फोंडके यांची पुस्तके, भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या साहसकथा, मुलांसाठी भिंगे आणि फिरवता येणारे आकाशनकाशे असा माल टेम्पोत भरला. पुस्तके उधारीवर आणली होती. पण टेम्पोचे आणि गाळ्याचे भाडे रोख द्यायचे होते. त्यासाठी घरातल्या बायकांच्या भिशीचे पैसे उचलले होते. ते परत आले नसते, तर शाळेची फी अडली असती. तामलवाडी गेली, तुळजापूरचा घाट टेम्पो कण्हत चढला, आणि आमच्या बोलण्यात एकच विषय होता: खप किती होईल?

पहिला दिवस जुम्याचा होता. दुपारी, ऐन गर्दीच्या वेळी, आम्ही खोक्यांवर चादर ओढली. कुरआनच्या सूरह जुमुआमध्ये अल्लाहचा आदेश आहे की नमाजची हाक ऐकताच व्यापार सोडावा आणि नमाज संपल्यावर जमिनीवर पसरून त्याची कृपा शोधावी. शेजारचे गाळेवाले दादा म्हणाले, “तुम्ही जाऊन या, मी बघतो.” परत आलो तेव्हा त्यांनी आमची दोन भिंगे विकून पैसे बाजूला ठेवले होते.

त्याच रात्री छायाकल्प चंद्रग्रहण होते. पृथ्वीच्या सावलीची फिकट कडा तेवढी चंद्रावर येते, म्हणून चंद्र किंचित मळकट दिसतो, इतकेच. संध्याकाळी मुले विचारायला आली. आम्ही बल्बसमोर संत्रे आणि लिंबू धरून सावली दाखवली. मग त्यांना मदीनेची गोष्ट सांगितली. प्रेषित मुहम्मद (स.) यांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला, त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले की, या मृत्यूमुळेच सूर्य काळवंडला. त्या समजुतीने प्रेषितांचा (स.) मोठेपणाच वाढत होता. पण पुत्रशोकातही त्यांनी लोकांची चूक दुरुस्त केली. सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत. कोणाच्या जन्माने किंवा मृत्यूने त्यांना ग्रहण लागत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. लोकांच्या गैरसमजातून मिळणारा मानही त्यांनी नाकारला.

हे आम्ही मुलांना सांगितले, आणि दुसऱ्याच दिवशी तो धडा आमच्यावर आला.

नारळीकरांच्या एका विज्ञान कादंबरीचे नाव ‘प्रेषित’ आहे. डोक्यावर टोपी असलेले एक वयस्कर शेतकरी गाळ्यासमोर थांबले. त्यांनी ते नाव हळूहळू वाचले आणि पुस्तकावरून अदबीने हात फिरवला. “नातीला मराठीच वाचाया येतं, उर्दू येत न्हाई. घरात प्रेषितांची सीरत पायजे होती. केवढ्याला हाय?” त्यांनी पैसेही काढले.

सकाळपासून खप कमी होता. एक क्षण कोणीच बोलले नाही. मग आमच्या धाकट्याने पुस्तक त्यांच्या हातून घेतले आणि म्हणाला, “नाही चाचा, ही सीरत नाही. ही परग्रहावरच्या जीवांची कादंबरी आहे, कल्पनेतली.” मराठीत सीरतची पुस्तके कोठे मिळतील, हेही त्याने कागदावर लिहून दिले.

चाचांनी पैसे परत खिशात ठेवले आणि विचारले, “कल्पनेतली म्हंजी खोटीच की! मग अशी पुस्तकं लेकरांना कशापायी द्यायची?”

प्रश्न रास्त होता. अनेक घरांत तो विचारला जातो. आम्ही त्यांना मदीनेच्या बाजाराची आठवण दिली. तेथे प्रेषितांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला, तर आत ओल लागली. व्यापारी म्हणाला, पाऊस पडला होता. तेव्हा त्यांनी विचारले की, मग ओले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते! फसवणारा आमच्यातला नाही, अशी ताकीदही दिली. पाप होते ते ओल झाकण्यात. जी गोष्ट आपण कल्पना आहोत असे उघड सांगते, ती काही झाकत नाही. खोटे होते ते तिला सीरत म्हणून विकण्यात.

मग रुकय्या सखावत हुसेन यांची कथा सांगितली. बंगालच्या या मुस्लिम लेखिकेने १९०५ साली ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा मद्रासच्या एका महिला मासिकात छापली. कथेच्या नावातच स्वप्न आहे. त्या स्वप्नातल्या देशात विद्यापीठातल्या स्त्रिया एका फुग्याने हवेतूनच हवे तेवढे पाणी ओढून घेतात आणि सूर्याची उष्णता साठवून वापरतात. पुढे १९११ साली याच रुकय्यांनी कलकत्त्यात मुलींची शाळा चालवायला घेतली.

हवेतल्या पाण्याचे ऐकून चाचा खाली बसले. टँकरमागे घागरी घेऊन पळणारा हा जिल्हा. शेजारच्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच्या आदल्या वर्षी मराठवाड्यात ढगांवर विमानाने फवारणी करून पाऊस पाडायचा प्रयोग झाला होता. “बाईनं आधीच लिव्हलं होतं म्हणायचं,” ते म्हणाले. “आन् ती आपल्यातली?”

त्यांनी आकाशनकाशा उचलला. रमजानचा चांद कुठे बघायचा ते यातून कळेल, असे त्यांना वाटले. धाकट्याने पुन्हा खरे सांगितले, “चाचा, यात चांद नसतो. तो रोज जागा बदलतो. यात फक्त तारे आहेत.” ते हसले. “दोनदा अडवलंस, बेटा. आता दे.” नकाशा त्यांनी नातीसाठी घेतला.

रविवारी रात्री हिशेब केला. दोन्ही भाडी निघाली, भिशीचे पैसे पुरे झाले, वर थोडे उरले. अल्हम्दुलिल्लाह. अर्धी खोकी परत आली. खरे बोलून माल विकला जातोच असे नाही. हदीसमध्ये आश्वासन आहे ते बरकतीचे. घेणारा आणि देणारा खरे बोलले आणि मालाचा दोष उघड केला, तर दोघांच्या सौद्यात बरकत येते.

नारळीकर २०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्ष झाले. मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘प्रेषित’ आजही आमच्या गाळ्यावर असते. पुस्तकासमोर एक पुठ्ठा ठेवतो. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, ‘ही विज्ञान कादंबरी आहे’.