मालकी दाखवणारा ‘स्’ आणि इंग्रजीतली शब्दांची साखळी

बुलढाणा जिल्ह्यातल्या ‘लोणारच्या सरोवराच्या काठावरचे कमळजादेवीचे देऊळ’ या शब्दसमूहात मुख्य नाम शेवटी येते. इंग्रजीत तेच आधी येते: ‘द टेम्पल ऑफ कमळजादेवी ऑन द शोअर ऑफ लोणार लेक’. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामानंतर लागतात. इंग्रजीत ‘ऑफ’, ‘ऑन’ नामाआधी उभी राहतात, म्हणून सगळी साखळीच उलटते.

इंग्रजीत संबंध दाखवण्याची दुसरीही वाट आहे, ती म्हणजे ‘स्’ (’s; ‘जिजाऊ’नंतर उच्चारी ‘ज’). मालक आधी, वस्तू नंतर, अगदी मराठीसारखे: ‘जिजाऊज फादर’, जिजाऊंचे वडील. खरी गंमत दोन्ही वाटा एकत्र येतात तेव्हा असते. ‘द राजा ऑफ सिंदखेड्स डॉटर’ यात ‘स्’ सिंदखेडला चिकटलेला दिसतो. पण कन्या गावाची नव्हे, राजाची, म्हणजे जिजाऊंचे वडील लखुजी जाधव यांची. हा ‘स्’ एकट्या नामाला नव्हे, संपूर्ण शब्दसमूहाच्या टोकाला लागतो. मराठीत ‘सिंदखेडच्या राजाची कन्या’ म्हणताना प्रत्येक ‘चा’ आपापल्या नामाला लागतो आणि पुढच्या नामाप्रमाणे रूप बदलतो. त्यामुळे नाते लगेच कळते.

उलट ‘जिजाऊंचे चित्र’ मराठीत संदिग्ध आहे: त्यांच्या मालकीचे की त्यांचे दर्शन घडवणारे? इंग्रजीत ‘अ पोर्ट्रेट ऑफ जिजाऊ’ म्हणजे त्यांची छबी, तर ‘अ पोर्ट्रेट ऑफ जिजाऊज’ म्हणजे त्यांच्या संग्रहातले एखादे चित्र. एवढ्याशा ‘स्’ने अर्थ बदलतो, म्हणून शिकवताना ही जोडी शेजारीशेजारी मांडावी.