आधी आणि नंतर

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. अशा भट्टीच्या उष्णतेने कामगारांच्या नाडीच्या गतीत बदल होतो काय, हे तपासावयाचे आहे असे समजू. भट्टीवरील दहा व कचेरीतील दहा जणांची तुलना केल्यास वय आणि प्रकृती यांतील भेद उष्णतेच्या परिणामात मिसळून जातात. म्हणून त्याच दहा कामगारांची नाडी पाळीपूर्वी व पाळीनंतर मोजावी आणि प्रत्येकाचा फरक काढावा.

फरकांची खरी सरासरी शून्य आहे, हे येथील शून्य गृहीतक होय. मिळालेल्या सरासरीला तिच्या प्रमाण त्रुटीने, म्हणजे फरकांचे प्रमाण विचलन भागिले दहाचे वर्गमूळ या संख्येने, भागले की 'टी' मिळतो. गृहीतक खरे असल्यास, चिन्ह सोडून, २.२६ हून मोठा 'टी' शंभरांत सुमारे पाचच वेळा योगायोगाने येईल. त्याहून मोठा आल्यास गृहीतक नाकारतात.

डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यातील विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने या रीतीचा पाया घातला. त्यांच्या उदाहरणात दहा रुग्णांना दोन औषधांनी मिळालेल्या अधिक झोपेतील सरासरी फरक १.५८ तास होता.

मात्र फरक सिद्ध झाल्याने कारण सिद्ध होत नाही. श्रमानेही नाडी वाढते. म्हणून तितकेच श्रम उष्णतेपासून दूर करणाऱ्यांचेही आधीचे व नंतरचे मोजमाप घ्यावे लागते.