रिकामी कबर आणि साक्षीदार

नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा अशी स्टेशने घेत दरेकशाचे जंगल ओलांडते आणि डोंगरगड गाठते. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला याच मार्गावरून नोकरीच्या शोधात एक तरुण कवी निघाले होते. त्यांचे नाव नारायण वामन टिळक. डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला, गप्पा रंगल्या आणि उतरण्यापूर्वी त्याने टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली. दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्याने केले. टिळक पेन्सिल घेऊन पुस्तक वाचायला बसले ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर घरात जे वादळ उठले ते लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितले आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे.

पण माझा आजचा मुद्दा जरा वेगळा आहे. टिळकांच्या मनाची पकड घेतली ती येशूच्या उपदेशाने. तो उपदेश गांधीजींनाही मनापासून आवडे, आणि तरी ते हिंदूच राहिले. म्हणजे उपदेश पटणे ही एक गोष्ट झाली. ख्रिस्ती धर्म उभा आहे तो दुसऱ्याच एका गोष्टीवर. क्रुसावर मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला, या दाव्यावर. प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला स्पष्टच लिहिले, की हे घडले नसेल तर आमचे सांगणेही पोकळ आणि तुमचा विश्वासही पोकळ. धर्मसंस्थापकांच्या पंक्तीतला माणूस इतकी उघड पैज लावतो, याचे मला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून फार कौतुक वाटते. मी स्वतः ख्रिस्ती नाही. पण कोणी घटना म्हणून एखादी गोष्ट पुढे ठेवली, तर ती घटना म्हणून तपासणे हाच तिचा मान राखणे आहे, असे मी मानतो.

आता ती तपासायची कशी? प्रत्यक्ष पाहणे शक्य नाही. राहिले अनुमान आणि शब्द. आपल्या नैयायिकांनी शब्दाला प्रमाण मानले ते एका अटीवर, की बोलणारा ‘आप्त’ हवा. म्हणजे ज्याला गोष्ट ठाऊक आहे आणि जी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, असा. आपल्यापुढचा प्रश्न नेमका हाच आहे. कोण सांगतो, त्याला कसे कळले, आणि घटनेनंतर किती दिवसांनी सांगतो?

सर्वांत जुनी लेखी साक्ष शुभवर्तमानांतली नाही, ती पौलाची आहे. करिंथकरांस लिहिलेले त्याचे पहिले पत्र साधारण इसवी सन ५३ ते ५५च्या सुमाराचे. येशूला क्रुसावर दिले ते ३० किंवा ३३ साली. मध्ये अंतर वीस-पंचवीस वर्षांचे. त्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल एक यादी देतो. येशू आधी केफाला, म्हणजे पेत्राला दिसला, मग बारा जणांना, मग पाचशेहून अधिक बांधवांना एकाच वेळी, मग याकोबाला, मग सर्व प्रेषितांना आणि शेवटी मला. पाचशेपैकी बहुतेक जण अजून हयात आहेत, असेही तो जोडतो. यादीचा गाभा मला मिळाला तसा मी तुम्हाला दिला, असे तो म्हणतो. अर्थात तो गाभा पत्राहूनही जुना.

वीस-पंचवीस वर्षे म्हणजे किती? आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्यालाही आता पंचवीस वर्षे उलटून गेली. त्या दिवशीचे भाषण कोणी काय केले, यावर पानठेल्यावर दोघांची दोन मते निघतील. पण जिल्हा झालाच नव्हता, असे कोणी म्हणाले तर गाव त्याला हसेल. पंचवीस वर्षांत तपशील घसरतात, मुख्य गोष्ट सहसा टिकते. शिवाय पौल ऐकीव माहितीवरच विसंबलेला नव्हता. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की यरुशलेमेस जाऊन मी पंधरा दिवस केफापाशी राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. आणि हा पौल आधी या पंथाचा छळ करणारा होता, हे तो स्वतःच लिहितो. विरोधी पक्षाचा माणूस साक्षीदार म्हणून उलटला, तर कोर्टात त्याचे वजन वेगळे असते.

शुभवर्तमाने नंतरची. मार्काचे ७०च्या आसपास, मत्तय आणि लूक त्यानंतर दहा-वीस वर्षांनी, योहान शतकाच्या अखेरीस. त्यांतल्या विसंगती लपवण्यात अर्थ नाही. मार्क म्हणतो कबरेकडे तिघी गेल्या, मत्तय दोघी सांगतो, योहान एकट्या मग्दालिया मरीयेचे नाव घेतो. आत कोणी दिसले, तर कुठे एक तरुण, कुठे एक देवदूत, कुठे दोन पुरुष, कुठे दोन देवदूत. शिष्यांना दर्शन मत्तयात गालीलात होते, लूकात यरुशलेमेत. हे सगळे एका सलग गोष्टीत बसवण्याची खटपट अनेकांनी केली आहे. मला ती ओढाताण वाटते. मात्र चारही ठिकाणी एक बाब कायम आहे. सकाळी कबरेपाशी पहिल्यांदा पोचल्या त्या बायका. त्या काळच्या समाजात बाईच्या साक्षीला फारसे मोल नव्हते. दुसऱ्या शतकातल्या केल्सस नावाच्या टीकाकाराने तर भ्रमिष्ट बाईची साक्ष म्हणून याची थट्टा केली. गोष्ट रचायचीच होती, तर कोणीही पेत्राला पुढे केले असते. पण पौलाच्या यादीत या बायकांची नावे नाहीत, आणि रिकाम्या कबरेचा स्वतंत्र उल्लेखही नाही. हेही तितक्याच मोकळेपणाने सांगायला हवे.

काही अभ्यासक विचारतात, क्रुसावर दिलेल्याला कबर मिळत तरी होती का? रोमन रिवाज प्रेत लटकत ठेवण्याचा. पण १९६८ साली यरुशलेमजवळ एका दगडी अस्थिपेटीत एका माणसाच्या टाचेच्या हाडात घुसलेला लोखंडी खिळा सापडला. पेटीवर त्याचे नाव कोरलेले होते, येहोहानान. क्रुसावर मेलेल्या माणसालाही घरच्या कबरेत जागा मिळू शकत होती, एवढे त्याने सिद्ध झाले. येशूला मिळाली, हे त्यातून सिद्ध होत नाही.

विरुद्ध बाजूची स्पष्टीकरणेही जुनीच आहेत. शिष्यांनी प्रेत चोरले, ही अफवा खुद्द मत्तयच नोंदवतो. येशू मेलाच नव्हता, हे म्हणणे मला सर्वांत कमकुवत वाटते, कारण पिलाताच्या हुकुमाने त्याचा वध झाल्याचे टॅसिटस हा रोमन इतिहासकारही लिहितो. सर्वांत बळकट उत्तर आहे ते दुःखातल्या दर्शनांचे. गेलेले माणूस दिसल्याचे, हाक मारल्याचे सांगणारे आपल्यालाही भेटतात. गेर्ड ल्युडेमान या जर्मन अभ्यासकाने पेत्राचा अनुभव असाच लावला. यावर इंग्रज विद्वान एन. टी. राईट यांचे उत्तर असे, की गेलेले माणूस दिसले तर लोक ‘आत्मा दिसला’ म्हणतात, ‘शरीराने उठला’ म्हणत नाहीत. यहुद्यांची अपेक्षा युगाच्या अंती सर्वांनी एकदम उठण्याची होती, मध्येच एकट्याने नव्हे. मग ही कल्पना शिष्यांना सुचली कुठून? प्रश्न बिनतोड नाही, पण झटकून टाकण्यासारखाही नाही.

शिष्य यासाठी मेले, मग खोटे कसे बोलतील, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. माणूस चुकीच्या समजुतीसाठीही प्राण देतो. त्यातून सच्चेपणा दिसतो, सत्य नव्हे. शिवाय बाराही जणांच्या हौतात्म्याच्या कथा बऱ्याच उशिराच्या आहेत. भक्कम आधार आहे तो दोन याकोब आणि पेत्र, एवढ्यांपुरता.

आमच्या शेजारी एक निवृत्त रेल्वे गार्ड राहत. कुटुंब तीन पिढ्या ख्रिस्ती. पत्नीला माती दिल्यानंतर काही दिवसांनी ते अंगणात येऊन बसले आणि म्हणाले, “गुरुजी, जन्मभर इतिहास शिकवलात. खरं सांगा, तो उठला की नाही?” मी म्हणालो, “गार्डसाहेब, तो क्रुसावर मेला, हे पक्के. आपण त्याला पाहिले, असे त्याच्या माणसांना लवकरच आणि मनापासून वाटू लागले, हेही पक्के. कबर रिकामी होती, हे मला संभवनीय वाटते. त्याच्या पुढचे पाऊल माझ्या कागदांत नाही. देव असे काही करतो की नाही, याबद्दल तुमचे आधीचे मत काय, त्यावर ते ठरते.” डेव्हिड ह्यूमने १७४८ साली चमत्कारांविषयी जे लिहिले, त्याचे सारही साधारण हेच, फक्त त्याचे आधीचे मत ठाम नकाराचे होते. गार्डसाहेब थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे पुरावा सिग्नलपर्यंत आणून सोडतो.” मी काही बोललो नाही. वाक्य त्यांचे होते, हक्कही त्यांचाच.

मार्काच्या शुभवर्तमानाचा शेवट मात्र मला अजून सोडत नाही. चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत हे पुस्तक सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर थांबते. पुढच्या बारा ओव्या नंतर कोणीतरी जोडल्या, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. त्या आठव्या ओवीत येशूचे दर्शन नाही, आनंदाचा घोष नाही. बायका थरथरत कबरेतून बाहेर पडतात, पळत सुटतात आणि भीतीपोटी कोणाला काहीच सांगत नाहीत.