खडकाखालची शांतता

वागळे इस्टेटमधील कारखान्याच्या खडखडाटात मनगटी घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही. दीर्घिकांना गुरुत्वाने बांधून ठेवणारे, पण न दिसणारे कृष्णद्रव्य शोधणाऱ्यांची अडचण हीच. वैश्विक किरणांचा गोंगाट अखंड चालू असतो. म्हणून झारखंडमधील जादुगुडाच्या युरेनियम खाणीत, ५५५ मीटर खोल, प्रयोगशाळा उभारली गेली. तेथील शोधकात जेलमध्ये अतितप्त द्रवाचे थेंब असतात. कण आदळताच थेंबाचा बुडबुडा होतो व त्याचा आवाज टिपला जातो. कृष्णद्रव्य अद्याप हाती लागलेले नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत न्यूट्रिनो टिपले. ती खाण खोदणारे बहुतांशी तमिळ दलित कामगार होते, हे आम्ही वर्गात आवर्जून सांगतो.